पाच पिल्लं, एक आई, आणि पांढरं नेहमी पोटावरच काऊन?

संत्र्याची_फोड (रविवार, रात्री १०:१२)

मंडळी, मी कॉमर्सवाला माणूस, तेव्हा काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या. आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये काळी नावाची एक कुत्री राहते, महिन्याभरापूर्वी तिने पाच पिल्लं दिली, आता ती स्कूटरच्या सीटा कुरतडायच्या वयाला आली आहेत. एक पूर्ण काळं, फक्त छातीवर चुना सांडल्यासारखा पट्टा. दोघांचं पोट पांढरं आणि चारही पायांत पांढरे मोजे. चौथ्याच्या कपाळावर टिकली आणि शेपटीचं टोक पांढरं. पाचवं जवळपास पूर्ण पांढरं, एक कान काळा आणि पाठीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग.

आठवीतली माझी मुलगी दोन दिवस झाले विचारून राहिली आहे की बाबा, पांढरं पोटावर, पायावर, शेपटीच्या टोकावर, कपाळावर, पण पाठीवर का नाही? पोट काळं आणि पाठ पांढरी असं गल्लीतलं कुत्रं दाखवा. मी दोन दिवस बर्डीपर्यंत जाता येता कुत्रीच पाहून राहिलो, गाडी दोनदा ठोकता ठोकता वाचली, पण तसं एक नाही सापडलं. गाईबैलांतही नाही. हे कोण ठरवतं?

तर्रीबाज (रविवार, रात्री १०:२०)

देवाने रंग वरून ओतला असेल, खालपर्यंत पुरला नाही.

पेट्रीडिश (रविवार, रात्री ११:०५)

@तर्रीबाज, तुम्ही गमतीत लिहिलंत पण उत्तर जवळजवळ तेच आहे 😄

मूळची नागपूरची, सध्या पेशी कशा सरकतात याची गणितं मांडणे हाच पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून लांबलचक लिहिते. गर्भात पाठीच्या मध्यरेषेवर, जिथे पुढे मज्जारज्जू होतो तिथे, न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी तयार होतात. कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशी यांच्यातूनच निघतात. म्हणजे सगळ्या रंगपेशींचं माहेर पाठीवर. तिथून त्या दोन्ही बाजूंनी कातडीतून खाली सरकतात, सरकता सरकता दोनाच्या चार होतात, आणि शेवटी पोटाच्या मध्यावर डावीकडच्या आणि उजवीकडच्या एकमेकींना भेटतात. सगळ्यात लांबची ठिकाणं कोणती? पोट, छाती, पंजे, शेपटीचं टोक, कपाळ. गर्भ वाढून वेळ संपेपर्यंत जिथे पोचल्या नाहीत तिथे केस पांढरे. पांढरा हा रंग नाहीच हो, ती गैरहजेरी आहे.

अपवाद आधीच सांगते, नाहीतर कोणीतरी हरीण घेऊन येईल. हरणाचं किंवा वाघाचं फिकट पोट वेगळं, तिथे रंगपेशी पोचलेल्या असतात पण त्यांना रंग फिका बनवायचा निरोप मिळालेला असतो.

हेमाडपंती (सोमवार, सकाळी ७:३१)

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

रिटायर्ड_मास्तर (सोमवार, सकाळी ८:१५)

पेट्रीडिशताई, छान. यातलं गणित थोडं मी टाकतो, चाळीस वर्षं फळ्यावर खडू घासला आहे, सवय जात नाही.

पेशी दोन गोष्टी करतात, भरकटतात आणि वाढतात. भरकटणं म्हणजे प्यायलेल्या माणसाची चाल, कुठेही पाऊल. त्यातला मुद्दा असा की दहापट लांब जायला शंभरपट वेळ लागतो, म्हणून नुसतं भरकटून कोणी फार लांब पोचत नाही. पण भरकटणाऱ्याची वाटेत पिल्लावळ होत गेली की अख्खी आघाडी एका ठरावीक वेगाने पुढे सरकते. हे १९३७ साली इंग्लंडमध्ये फिशर यांनी आणि त्याच वर्षी रशियात कोल्मोगोरोव्ह, पेत्रोव्स्की, पिस्कुनोव्ह यांनी मांडलं. वेग म्हणजे, भरकटण्याचा दर गुणिले वाढीचा दर, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. बस.

आकडे घालून पाहू, हे मी समजायला सोपे म्हणून घेतलेले आहेत. समजा भरकटण्याचा दर तासाला १००० चौरस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि पेशी १६ तासांत दुप्पट होतात. वेग येतो तासाला साधारण १३ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर जायला तीन दिवसांहून थोडं जास्त. आता दुप्पट व्हायचा वेळ १६ वरून ६४ तासांवर नेला तर वाढीचा दर चौथाई होतो पण वेग निम्माच होतो, कारण वर्गमूळ. तेच मिलिमीटर सहा दिवसांवर जातं. तोवर गर्भही वाढून राहिलाच आहे, म्हणजे स्टेशन पुढे पुढे सरकतंय आणि पॅसेंजर मागे.

काय_बे (सोमवार, सकाळी ९:४४)

काका मले एक सांगा, वेग कमी झाला तर तो भरकटणं कमी झाल्याने का वाढणं कमी झाल्याने, हे तुमच्या सूत्रातून कसं कळन? दोन्ही तर वर्गमुळाच्या आतच बसून राहिले. मग सूत्राचा काय उपयोग बापा? पोट पांढरं आहे हे तर डोळ्याले पण दिसते.

रिटायर्ड_मास्तर (सोमवार, सकाळी ९:५८)

शाब्बास. हा प्रश्न वर्गात कोणी विचारला असता तर मी पोहे खाऊ घातले असते. नुसत्या वेगावरून नाही कळणार.

पेट्रीडिश (सोमवार, दुपारी १:२०)

@काय_बे भाऊ, नेमकं इथेच फसले होते लोक! आधी समज असा होता की पांढऱ्या पोटाच्या जनावरात रंगपेशी हळू चालतात म्हणून पोचत नाहीत. २०१६ साली ब्रिटनमधल्या बाथ, एडिनबरा आणि ऑक्सफर्डच्या मंडळींनी किट नावाच्या जनुकात दोष असलेल्या, पोट पांढरं असणाऱ्या उंदरांवर काम केलं. गर्भाच्या कातडीत पेशी प्रत्यक्ष सरकताना पाहिल्या, मोजल्या आणि ते आकडे मॉडेलमध्ये घातले. निघालं असं की चालण्यात खोट नाहीच, त्या विभागून कमी होतात. माणसंच कमी पडली, चाल ठीक होती. आणि त्या एकमेकींना दिशा सांगून नेत नाहीत, प्रत्येकजण आपापली भरकटते. म्हणूनच एकाच आईच्या पिल्लांत डाग वेगळे, आणि क्लोन केलेल्या गाईंचेही डाग तंतोतंत येत नाहीत. जनुकं तीच, नाणेफेक वेगळी.

कुत्र्यांत पांढऱ्या डागांशी बहुतेक वेळा दुसरं जनुक, एमआयटीएफ, जोडलेलं असतं, पण शर्यत तीच.

आता वेगावरून कळत नाही तर कशावरून कळतं? कडेवरून. सूत्रात एक दुसरी राशी लपलेली असते, आघाडीच्या कडेची रुंदी. तिथे दोन दरांचा गुणाकार नसतो, भागाकार असतो, भरकटणं भागिले वाढणं, त्याचं वर्गमूळ. चाल मंद असेल तर कड अरुंद, एकदम ठासून भरलेली. वाढ मंद असेल तर कड रुंद आणि विरळ, लग्नाच्या वरातीत पुढे चार पोरं नाचत गेलेली आणि बाकी मंडळी अजून मंडपात, तशी.

घाटावरचा (सोमवार, दुपारी २:०२)

पुण्याहून वाचतोय. लेख उत्तम, फक्त "पाहून राहिलो" वाचून डोळे पाणावले.

तर्रीबाज (सोमवार, दुपारी २:०४)

पाणावून राहिले असं म्हणा.

संत्र्याची_फोड (सोमवार, रात्री ९:५०)

आज घरी प्रयोग झाला, सांगतो. अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद, ऑफिसातून लवकर सुटलो पण पोचलो उशिराच, तोवर पोरीने आईच्या डब्यातून उडीद काढून ठेवले होते. वहीच्या चौकटीच्या पानावर दहा रुंद सहा उंच असे साठ चौकोन. वरची ओळ म्हणजे पाठ, खालची म्हणजे पोट. वर तीन उडीद. प्रत्येक फेरीत प्रत्येक दाण्यासाठी दोनदा फासा. पहिल्या फाशाने एक वर, दोन खाली, तीन डावीकडे, चार उजवीकडे, पाच सहा आले तर जागेवर, आणि पुढचा चौकोन भरलेला असला तर हलायचं नाही. दुसऱ्या फाशाने विभागायचं की नाही ते ठरतं, नवीन दाणा शेजारच्या रिकाम्या चौकोनात. दहा फेऱ्या.

पहिला खेळ, चार पाच सहा आलं की विभागा. दहाव्या फेरीअखेर ५१ दाणे, खालच्या कोपऱ्यात थोडी जागा रिकामी, पोरगी म्हणे हे छातीवर चुना सांडलेलं. दुसरा खेळ, फक्त सहा आला तरच विभागा. दाणे १३. खालच्या दोन ओळींत एकच दाणा, तो एकटा पार खाली जाऊन बसलेला, आणि मध्ये सगळे विखुरलेले. तिसऱ्यात विभागणी पहिल्यासारखी ठेवली पण हलायच्या आधी आणखी एकदा फासा, त्यात सहा आला तरच परवानगी, तेव्हा दाणे वरून एकमेकांना चिकटून भिंतीसारखे खाली आले, मध्ये फट नाही. पेट्रीडिशताई म्हणाल्या ती कड डोळ्यांनी दिसली, अंगावर काटाच आला खरं सांगतो. दोन तास गेले. बायको म्हणे आता वडे कशाचे करू.

वाघनख (सोमवार, रात्री १०:३३)

मस्तच. आम्ही ताडोबा, पेंचचे वारकरी, तेव्हा आमचा प्रश्न ठरलेला. वाघाचे पट्टे पण असेच भरकटून होतात का? कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, त्यावरूनच तर मोजणी करतात.

पेट्रीडिश (सोमवार, रात्री ११:४०)

नाही. वाघ वेगळं प्रकरण आहे. वाघाच्या कातडीभर रंगपेशी पोचलेल्या असतात, तिथे प्रश्न असतो कुठे काळं आणि कुठे पिवळं. त्यासाठी ट्युरिंगकडे जावं लागतं. हो तोच, युद्धात जर्मन संदेश फोडणारा, कॉम्प्युटरवाला. १९५२ साली त्याने एक पेपर लिहिला, गर्भात आकार रसायनांतून कसे उमटतात यावर, दोन वर्षांत तो गेला. त्याची कल्पना उलटी वाटते. शाईचा थेंब पाण्यात टाकला की पसरून सगळं एकसारखं होतं, पसरणं म्हणजे नक्षी पुसणं. ट्युरिंग म्हणाला, दोन रसायनं घ्या, एकमेकांवर क्रिया करणारी आणि वेगवेगळ्या वेगाने पसरणारी, मग पसरण्यामुळेच नक्षी उमटेल.

पोह्यांवरून सांगते. एका कोपऱ्यावर तर्री पोह्याचा ठेला जमला. गर्दी बघून आणखी गर्दी येते, बाजूला चहावाला, पानवाला उभा राहतो, म्हणजे जवळच्या जवळ स्वतःलाच खतपाणी. पण त्याच ठेल्याचं नाव लांबपर्यंत पसरतं आणि दीड किलोमीटरमध्ये दुसऱ्या कोणाचा पोह्याचा धंदा चालत नाही. जवळ उत्तेजन, लांबवर आडकाठी, आणि आडकाठी जास्त वेगाने पसरली पाहिजे. मग शहरभर ठेले आपोआप ठरावीक अंतरावर बसतात, कोणी नकाशा न काढता. हा जवळ-लांबचा नियम १९७२ मध्ये जर्मनीत गिरर आणि माइनहार्ट यांनी नीट मांडला.

काय_बे (मंगळवार, सकाळी ८:०९)

ताई, बर्डीवर एका लायनीत पोह्याचे चार ठेले आहेत, चारी फुल्ल. तुमचं मॉडेल फेल.

पेट्रीडिश (मंगळवार, सकाळी ८:४०)

फेल नाही हो, मग तो एकच मोठा ठिपका समजा, पुढचा ठिपका कुठे येतो ते बघा 😀 पण तुमचा संशय चांगला आहे, तो जपून ठेवा, लागणार आहे.

वाघाबद्दल एक आपल्या देशातलं. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ माहीत असतील, ज्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की हे एकाच जनुकातल्या बदलाने होतं, टॅकपेप नावाचं. त्याच जनुकातल्या बदलाने चित्त्याचे ठिपके जोडले जाऊन किंग चीता होतो आणि मांजराचे बारीक पट्टे भोवऱ्यासारखे जाड होतात. तीन जनावरं, तेच बटण.

आणि पुढच्या सफारीत बिबट्या दिसला तर शेपूट बघा. मुळाशी ठिपके आणि टोकाकडे कडी. जेम्स मरे नावाच्या गणितज्ञाने गणित करून सांगितलं की निमुळत्या शेपटीत ठिपके मावेनासे होतात तेव्हा त्यांच्या कड्या होतात. म्हणून ठिपकेवाल्या जनावराची शेपूट पट्ट्यांची असू शकते, पट्टेवाल्याची शेपूट ठिपक्यांची नाही.

मत्स्यगंधा_नागपूर (मंगळवार, दुपारी १२:१५)

आमचं माशांचं छोटं दुकान आहे म्हणून विचारते, झेब्रा मासा पण हाच नियम का? छोट्या पिल्लांना पट्टे अगदी नीट नसतात, मोठं होताना येतात हे रोज बघते. आणि एक लेपर्ड म्हणून येतो त्याला पट्ट्यांऐवजी ठिपके.

पेट्रीडिश (मंगळवार, दुपारी ३:३०)

मत्स्यगंधाताई, तुमच्या टाकीत जे पोहतंय त्यावर अख्ख्या जगात लॅबा चालतात! तो मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा मासा. आणि तो लेपर्ड म्हणजे एकाच जनुकाच्या बदलाने पट्ट्यांचे ठिपके झालेला झेब्राच.

इथे पेशींची हालचाल आणि ट्युरिंग दोघे एकत्र येतात. जपानमध्ये कोंडो यांनी १९९५ साली आधी समुद्रातल्या एंजलफिशवर दाखवलं की मासा मोठा होतो तसे पट्टे ताणून रुंद होत नाहीत, मध्ये नवीन पट्टे घुसतात, ट्युरिंगच्या गणितात होतं तसंच. मग झेब्रा माशावर शोधायला गेले ती दोन रसायनं, आणि नक्षी पाडताना सापडल्या पेशीच, काळ्या आणि पिवळ्या. २०१४ मध्ये त्यांच्याच लॅबने बशीत दोन्ही शेजारी ठेवल्या, तर पिवळी पेशी हात लांब करून काळीला टोचते आणि काळी पळते, पिवळी मागे लागते. पोरं पकडापकडी खेळतात तसंच. लांबून मात्र पिवळ्या पेशी काळ्यांना जगायला मदत करतात. जवळ भांडण, लांबून मैत्री. म्हणजे ट्युरिंगचं गणित टिकलं, पात्रं बदलली. लेसरने पट्ट्याच्या पेशी जाळल्या तर नक्षी परत येते पण जुन्या रेषेत नाही, वेडीवाकडी, कारण मूळ नकाशा कुठे नसतोच.

हेमाडपंती (मंगळवार, दुपारी ४:०२)

थोडक्यात निसर्गात पट्टे दिसले की ट्युरिंग.

पेट्रीडिश (मंगळवार, दुपारी ४:४८)

इथेच @काय_बे यांचा संशय बाहेर काढा. फळमाशीच्या गर्भावर एका जनुकाचे सात पट्टे उमटतात, इतके रेखीव की बघणारा शपथेवर सांगेल ट्युरिंग. निघालं काय? काही पट्ट्यांना स्वतःचा वेगळा स्विच, काहींना दोघांत मिळून एक. दुसऱ्या पट्ट्याचा स्विच तर बिकॉइड आणि हंचबॅक म्हणतात चालू हो, जायंट आणि क्रुपेल म्हणतात बंद हो, अशा चार प्रथिनांच्या हिशोबाने चालतो. सरकारी ऑफिसातल्यासारखं, प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल. दिसायला नक्षी तीच, कारण पूर्ण वेगळं. म्हणून मी नक्षी जुळली की खूश होत नाही, पेशी जाळून किंवा जनुक बिघडवून मॉडेल सांगतं तसंच बिघडतं का ते बघावं लागतं.

वॉर्ड_नंबर_सहा (मंगळवार, रात्री १०:१०)

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी नागपुरात लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स आहे. वर न्यूरल क्रेस्ट वाचलं आणि दचकले, कारण आमच्याकडे हर्षस्प्रंगची बाळं येतात. जन्मून दोन दिवस झाले तरी शी नाही, पोट फुगलेलं, हिरवी उलटी. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात नसांचे पुंजकेच नसतात म्हणून तो भाग ढकलत नाही. साधारण पाच हजार जन्मांत एक. मग तो भाग काढून वरचा चांगला भाग खाली ओढून जोडतात. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत बाळाची आजी बाहेर बाकावर एकच विचारत असते, सुनेने काय खाल्लं होतं. या नसांच्या पेशी पण तिथूनच येतात ना?

पेट्रीडिश (मंगळवार, रात्री ११:२५)

तिथूनच ताई. न्यूरल क्रेस्टच्या पेशी आतड्यात वरच्या टोकाने शिरतात आणि चौथ्या ते सातव्या आठवड्यात शेवटापर्यंत चालत जातात, आतडं स्वतः लांब होत असताना. शेवटचा भाग रिकामा राहिला की हर्षस्प्रंग. उंदराच्या पोटाची तीच गोष्ट, फक्त पाठ ते पोटाऐवजी वरून खाली. ऑस्ट्रेलियात न्यूग्रीन, लँडमन, सिम्पसन यांनी यावर मॉडेलं केली, कोंबडी आणि लाव्याच्या गर्भाच्या आतड्यावर तपासली, आणि तिथेही आघाडी पुढे नेते ती मुख्यतः आघाडीवरच्या पेशींची वाढ. मागच्या पेशी कितीही असोत, त्या आधीच भरलेल्या जागेत अडकलेल्या, त्यांचा पुढे काही उपयोग नाही.

काही बाळांत दोन्ही एकत्र दिसतं, कपाळावर पांढरी बट आणि आतडं अपुरं, वार्डनबर्ग-शाह म्हणतात त्याला. दोन्ही शर्यतींना लागणारी जनुकंच बिघडलेली. आजीला सांगा, सुनेने काही खाल्लं नव्हतं.

वॉर्ड_नंबर_सहा (मंगळवार, रात्री ११:३१)

सांगते. पांढरी बट आलेल्या बाळांना लोक कोड म्हणून बोलतात ते पण वेगळंच ना?

पेट्रीडिश (मंगळवार, रात्री ११:३६)

पूर्ण वेगळं. कोडात पेशी पोचलेल्या असतात, नंतर शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यांना मारते. जन्मापासूनची बट म्हणजे त्या तिथे आल्याच नाहीत.

ढोरांचा_डॉक्टर (बुधवार, सकाळी ६:५०)

@संत्र्याची_फोड, तुमच्या पाचव्या पिल्लाबद्दल, जवळपास पूर्ण पांढरं आहे म्हणालात. त्याला ऐकू येतं का पाहिलंत? रंगपेशी फक्त कातडीत जात नाहीत, आतल्या कानातही जातात आणि तिथे त्या नसल्या तर ऐकण्याच्या पेशी मरतात. डाल्मेशियन कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणा बराच असतो तो यामुळेच. डोळा निळा असेल तर शंका जास्त. महिन्याचं पिल्लू म्हणजे कान उघडलेले असणार. झोपलेलं असताना मागून किल्ल्या वाजवा, पण जमिनीला हादरा किंवा हवेचा झोत जायला नको, त्यानेही उठतं आणि आपण फसतो. भावंडांपासून वेगळं करून करा, नाहीतर ती उठली की हेही उठतं. बहिरं निघालं तर रस्त्यावर सोडू नका, गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही.

संत्र्याची_फोड (बुधवार, रात्री ९:१५)

डॉक्टर, केलं. वॉचमनच्या खोलीत पोत्यावर एकटं झोपवलं, दहा मिनिटं थांबलो, मागून स्कूटरच्या किल्ल्या वाजवल्या. बाहेर पार्किंगमध्ये चौघं उठून भुंकायला लागली. हे हललं नाही. काळ्या कानाच्या बाजूला जाऊन वाजवल्या तेव्हा तो कान किंचित उचलला, नक्की का ते सांगता येत नाही, परत झोपलं. डोळे दोन्ही तपकिरी आहेत.

पोरगी त्याला वर घरी घेऊन आली आहे, बायको अजून काही बोललेली नाही. उद्या सकाळी परत करून बघतो, दोन्ही बाजूंनी.